संगणकीय टिपणे आणि प्रबंधलेखन

प्रबंधलेखनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याची तक्रार बहुधा सामग्रीच्या अभावाची नसते. ती सामग्रीच्या विपुलतेची असते. वाचन झालेले असते, उतारेही पुष्कळ जमलेले असतात. परंतु हवे ते टिपण हव्या त्या वेळी हाती येत नाही. संगणकामुळे ही अडचण दूर झाली, असा एक समज आहे. तो कितपत खरा आहे, आणि मराठीतून टिपणे घेणाऱ्या अभ्यासकाने कोणती दक्षता घ्यावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टिपणांची शिस्त संगणकाहून जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणे लिहिली. प्रत्येक टिपणास क्रमांक दिला आणि एका टिपणात दुसऱ्याचा क्रमांक नोंदवून विचारांचे दुवे जोडले. या दोन संग्रहांचे प्रयोजन भिन्न आहे. कोशाची चिठ्ठी शब्दाच्या स्थानी जाऊन बसते. लूमान यांचे टिपण दुसऱ्या टिपणाशी असलेल्या नात्यामुळे सापडते. तथापि दोहोंच्या मुळाशी एक समान तत्त्व दिसते : एका चिठ्ठीवर एकच बाब असावी, आणि ती चिठ्ठी जागेवरून हलविली तरी तिची ओळख नाहीशी होऊ नये.

संगणकाने या व्यवस्थेत एक मोठी सोय आणली, ती म्हणजे शोधाची. कागदी चिठ्ठी जेथे ठेवली तेथेच सापडते. संगणकीय टिपण त्यातील कोणत्याही शब्दावरून सापडू शकते. मग वर्गवारीचे कष्ट कशाला, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. परंतु साधा शोध अक्षरांची अनुक्रमाने तुलना करतो. त्याला व्याकरण कळत नाही. मराठीच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

पहिली अडचण सामान्यरूपाची. ‘घोडा’ हा शब्द शोधला असता ‘घोड्याने’ किंवा ‘घोड्यांचा’ ही रूपे असलेली टिपणे सापडत नाहीत. शोध ‘घोड’ इतक्यावर आणला, तर ‘घोडचूक’ही त्यात येते. दुसरी अडचण लेखनपद्धतीची. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथातून जसेच्या तसे उतरून घेतलेले ‘नांव’ हे ‘नाव’ शोधणाऱ्यास मिळणार नाही. तिसरी अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा रकार युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो : एकीत ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडतात, तर दुसरीत नेहमीचा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु कित्येक शोधयंत्रणांच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असतात.

यावर उपाय एकच : उतारा मूळ लेखनानुसार ठेवावा, मात्र टिपणाच्या शीर्षस्थानी विषयशब्द स्वतः लिहावेत, ते मूळरूपात आणि प्रचलित लेखनानुसार असावेत. अशा विषयशब्दांची एक यादी निराळी ठेवावी व शक्यतो तिच्याबाहेर जाऊ नये. आज ‘सामान्यरूप’ आणि उद्या ‘विभक्तिपूर्व रूप’ असे लिहिल्यास एकाच विषयाची टिपणे दोन ठिकाणी विखुरतात.

याहूनही महत्त्वाची बाब टिपणाच्या प्रकाराची आहे. उद्धरण, सारांश आणि स्वमत असे तीन प्रकार मानून प्रत्येक टिपणाच्या पहिल्या ओळीतच तो प्रकार नोंदवावा. त्याखाली ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठांक द्यावा. कागदावर हस्ताक्षर, शाई वा चिकटवलेले कात्रण यांवरून मजकुराचे मूळ काही अंशी ओळखता येई. संगणकावर सर्वच मजकूर एका वळणाचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या प्रबंधाच्या एका कच्च्या प्रकरणात दुसऱ्या अभ्यासकाचे एक संपूर्ण वाक्य स्वतःचे म्हणून उतरले होते. ते टिपण दोन वर्षांपूर्वीचे. त्यावर अवतरणचिन्ह नव्हते, पृष्ठांकही नव्हता. मार्गदर्शकांच्या नजरेस ते आले म्हणून निभावले. हेतू शुद्ध होता, हे खरे. पण छापील पृष्ठावर हेतू दिसत नाही, वाक्य तेवढे दिसते.

टिपणांकडून प्रकरणाकडे जाताना प्रथम प्रकरणाचा सांगाडा करून त्यात टिपणे कोंबण्याचा मोह टाळावा. एका विषयशब्दाची टिपणे एकत्र वाचावीत, प्रत्येकातून निघणारे विधान एका वाक्यात लिहावे, आणि मग त्या विधानांचा क्रम लावावा. ज्या विधानाखाली एकही उद्धरण वा उदाहरण नाही, तेथे वाचन अपुरे आहे. जेथे उद्धरणे दहा आणि स्वमत शून्य आहे, तेथे विचार अपुरा आहे. हा ताळेबंद लेखनापूर्वीच समोर येणे, हाच टिपणव्यवस्थेचा खरा लाभ होय.

शेवटी जतनाविषयी. टिपणे युनिकोडात, शक्यतो साध्या मजकुराच्या फाइलींत असावीत. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. संग्रहाच्या किमान तीन प्रती असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

साधने पालटत राहतील. परंतु हे वाक्य कोणाचे, ते कोठून आले आणि ते मी का टिपले, या तीन प्रश्नांची उत्तरे टिपणानेच दिली पाहिजेत. ती टिपण घेतेवेळीच लिहावी लागतात. मागाहून ती कोणतेही यंत्र शोधून देत नाही.