माशाच्या खाद्यात तेल कुणाचं?

नॉर्वेच्या समुद्रातल्या जाळीदार पिंजऱ्यांत वाढणाऱ्या सॅमनला तपकिरी गोळ्या खायला घालतात. गोळीच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा निव्वळ तेल असतं. एवढं तेल पिठात मळलं तर गोळी बांधलीच जात नाही. म्हणून आधी वाफेच्या दाबाने फुगवलेल्या सच्छिद्र गोळ्या करतात. त्या बंद टाकीत घालून आतली हवा उपसतात, तेल फवारतात आणि मग हवा परत सोडतात. त्या दाबाने तेल छिद्रांत शिरून बसतं.

हे तेल पूर्वी माशाचंच असे. 1990 मध्ये नॉर्वेतल्या सॅमनच्या खाद्याचा सुमारे 90 टक्के भाग समुद्रातून येई. 2013 पर्यंत तो 30 टक्क्यांच्या आसपास उतरला. मत्स्यशेती वाढत गेली, पण तेलासाठी पकडायचे छोटे मासे वाढले नाहीत. पेरूचा अँकोव्ही हा या तेलाचा मोठा आधार. 2023 मध्ये एल निनोमुळे तिथला मासेमारीचा पहिला हंगामच रद्द झाला आणि तेलाचे भाव कडाडले.

माशाच्या तेलाची जागा मुख्यतः मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या तेलाने घेतली. त्यावर सॅमन छान वाढतो. पण आपण ज्यासाठी सॅमन खातो ती ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्लं त्या तेलात नसतात, आणि माशाच्या अंगची चरबी खाद्यासारखीच घडते. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधले पाळीव सॅमन तपासले, तेव्हा 2006 ते 2015 या काळात ही आम्लं निम्म्यावर आल्याचं दिसलं. म्हणजे तेवढाच लाभ हवा तर दुप्पट मासा खायचा!

खरं तर ही आम्लं मुळात सूक्ष्म शैवालं बनवतात. माशांना ती अन्नातून मिळतात. मग मधला मासा वगळता येईल की! शैवालांसारखाच स्किझोकायट्रियम हा सूक्ष्मजीव पोलादी टाक्यांत साखरेवर वाढवून डीएचएयुक्त तेल काढतात. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी, समुद्रापासून शेकडो मैल आत, 2019 मध्ये असा मोठा कारखाना सुरू झाला. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संस्थेने सागरी सूक्ष्मजीवांची जनुकं कॅमेलिना या तेलबियांच्या पिकात घालून त्याच्या बियांतच ही आम्लं तयार करून दाखवली. जनुकबदल केलेल्या पिकांबद्दलचे प्रश्न तिथे उरतातच, म्हणून मला टाकीतल्या तेलाचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. ते महाग आहे, त्यामुळे सरसकट वापरणं परवडत नाही. पण वाढीच्या काळात वनस्पती तेल आणि विक्रीआधीच्या काही महिन्यांत ओमेगा-3 असलेलं तेल, ही विभागणी शहाणपणाची आहे.

आपल्याकडे रोहू-कटल्याला भाताचा कोंडा आणि पेंड पुरते, पण पश्चिम किनाऱ्यावरची तारली पोत्यापोत्यांनी मत्स्यचूर्ण आणि तेलाच्या कारखान्यांत जाते. तिच्यात ही दोन्ही आम्लं भरपूर आहेत आणि ती सॅमनहून कितीतरी स्वस्त मिळते. बाजारात ताजी दिसली तर घ्या. आणि सॅमनच घेणार असाल, तर ईपीए-डीएचए किती, हे पाकिटावर छापायला सांगा.