ब्रेस्ट स्ट्रोक शर्यत, स्त्रियांची

ब्रेस्ट स्ट्रोक शर्यत, स्त्रियांची : पाण्यावर पालथे राहून, दोन्ही हात छातीजवळून एकाच वेळी पुढे नेऊन बाजूंना व मागे ओढणे आणि पाय बेडकाप्रमाणे दुमडून बाहेर व मागे झटकणे, या पोहण्याच्या प्रकारातील स्त्रियांची शर्यत. ऑलिंपिक सामन्यांत ती १०० मी. व २०० मी. अशा दोन अंतरांची असते. २०० मी. ची शर्यत पॅरिस येथील १९२४ च्या सामन्यांपासून, तर १०० मी. ची मेक्सिको सिटी येथील १९६८ च्या सामन्यांपासून सुरू झाली. पॅरिस येथे ग्रेट ब्रिटनच्या ल्यूसी मॉर्टनने ३ मि. ३३.२ से. या वेळेत पहिले सुवर्णपदक मिळविले.

पोहण्याच्या चार मान्य प्रकारांत हा प्रकार सर्वांत संथ होय. इतर प्रकारांत हात पाण्याबाहेरून पुढे नेले जातात. या प्रकारात मात्र ते बहुधा पाण्यातून पुढे नेले जात असल्याने पाण्याचा विरोध अधिक होतो आणि प्रत्येक आवर्तनात गती वाढते व पुन्हा मंदावते. दोन्ही हातांची व दोन्ही पायांची हालचाल एकाच वेळी व सारखीच व्हावी, तसेच वळताना व शर्यत संपविताना दोन्ही हातांनी एकाच वेळी भिंतीस स्पर्श करावा, असे बंधन आहे. नियमभंग झाल्यास स्पर्धकास बाद ठरवितात. यामुळे या शर्यतीत जोमापेक्षा हातापायांच्या मेळास अधिक महत्त्व असते.

या शर्यतीच्या इतिहासात हेल्सिंकी येथील जुलै १९५२ मधील २०० मी. ची शर्यत दोन कारणांनी उल्लेखनीय ठरते. एक, जुन्या नियमांनुसार झालेली ती अखेरची ऑलिंपिक शर्यत होती. आणि दुसरे, तीत दोन भारतीय मुलींनी भाग घेतला होता.

तत्कालीन नियमांत हात पाण्याबाहेरून पुढे नेण्यास स्पष्ट मनाई नव्हती. या त्रुटीचा लाभ घेऊन १९३० नंतरच्या दशकात काही स्पर्धक फुलपाखराच्या पंखांप्रमाणे दोन्ही हात पाण्यावरून फेकू लागले. परिणामी, एकाच शर्यतीत काही जण जुन्या रीतीने, तर काही नव्या रीतीने पोहत. हेल्सिंकी येथे हंगेरीच्या एव्हा सेकेईने नव्या रीतीने पोहून २ मि. ५१.७ से. या ऑलिंपिक उच्चांकासह सुवर्णपदक जिंकले. तिचीच देशभगिनी एव्हा नोवाक (२ मि. ५४.४ से.) दुसरी आणि ग्रेट ब्रिटनची एलेनॉर गॉर्डन (२ मि. ५७.६ से.) तिसरी आली. या सामन्यांनंतर नवी रीत ‘बटरफ्लाय’ या नावाने वेगळी करण्यात आली व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिला स्वतंत्र शर्यतीचे स्थान मिळाले. मेलबर्न येथे जर्मनीच्या उर्सुला हापेने ब्रेस्ट स्ट्रोक शर्यत २ मि. ५३.१ से. मध्ये जिंकली. हेल्सिंकीच्या विजयी वेळेपेक्षा ही वेळ अधिक आहे. नव्या रीतीचा लाभ किती होता, हे यावरून कळते. सेकेईने मेलबर्न येथे बदललेल्या नियमांनुसार पोहून रौप्यपदक मिळविले.

स्वतंत्र भारताच्या ऑलिंपिक पथकात १९५२ साली प्रथमच स्त्रियांचा समावेश झाला. पथकात चार मुली होत्या : धावपटू नीलिमा घोष व मेरी डिसोझा आणि जलतरणपटू डॉली नाझिर व आरती साहा (१९४०–९४). यांपैकी डॉली नाझिर ही मुंबईची. १०० मी. ब्रेस्ट स्ट्रोकमधील अखिल भारतीय उच्चांक तिच्या नावावर होता. १९५१ मध्ये बंगालच्या राज्यस्पर्धेत आरती साहाने १ मि. ३७.६ से. ही वेळ नोंदवून तो मोडला. हेल्सिंकी येथे या दोघी प्रतिस्पर्धी एकाच पथकातून २०० मी. च्या शर्यतीत उतरल्या. आरतीचे वय त्या वेळी अवघे अकरा वर्षांचे होते. दोघींनाही प्राथमिक फेरीपुढे जाता आले नाही. आरतीची वेळ ३ मि. ४०.८ से. होती.

सेकेईच्या अंतिम फेरीतील वेळेशी तुलना करता हे अंतर सु. ४९ सेकंदांचे आहे. समान गती गृहीत धरल्यास सेकेईची शर्यत पूर्ण होते, तेव्हा आरती सु. ४५ मी. मागे, म्हणजे जवळजवळ तलावाच्या एका लांबीइतकी मागे राहते. हा फरक केवळ वयाचा वा शारीरिक क्षमतेचा नाही. हंगेरीच्या मुलींनी हेल्सिंकी येथे स्त्रियांच्या पाचपैकी चार शर्यती जिंकल्या, त्यामागे बारमाही सरावाची सोय होती. बूडापेस्टच्या मार्गारेट बेटावर १९३० मध्येच बंदिस्त जलतरण तलाव उभा राहिला होता. याउलट, आरती पोहण्यास शिकली ती कोलकात्यातील चांपातला घाटावर. दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांत (१९५१) पोहण्याच्या शर्यती केवळ पुरुषांसाठी होत्या. त्यामुळे भारतीय मुलींना ऑलिंपिकपूर्वी अनुभव घेण्याची ती संधीही लाभली नाही. घाटावरच्या सरावाचे फळ मात्र वेगळ्या रूपाने मिळाले. २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहाने १६ तास २० मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. हा पराक्रम करणारी ती पहिली आशियाई स्त्री होय. १९६० मध्ये तिला ‘पद्मश्री’ देण्यात आली.

महाराष्ट्रात या शर्यतीस लागणारी सामग्री सर्वत्र सारखी नाही. १९५२ साली नांदेड जिल्हा व त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ही हैदराबाद राज्यात होती. या भागात पोहणे शिकण्याची जागा म्हणजे गोदावरी व मांजरा या नद्यांचे डोह आणि शेतातील विहीर. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुले पाण्यात सोडली जात. डोके पाण्यावर ठेवून व पाय बेडकाप्रमाणे झटकून पोहण्याची ग्रामीण रीत ब्रेस्ट स्ट्रोकला सर्वांत जवळची आहे. तथापि वयात आलेल्या मुलीने उघड्यावर पोहणे रूढीला मान्य नसल्याने ही विद्या बहुतांशी मुलांपुरतीच राहिली. शिवाय विहिरीत ठराविक अंतर, सपाट भिंत व वळण यांचा सराव होत नाही; शर्यतीत सेकंद वाचतात ते नेमके येथेच.

पाण्याची टंचाई हा दुसरा अडसर होय. ५० मी. लांब, २५ मी. रुंद व २ मी. खोल अशा ऑलिंपिक प्रमाणाच्या तलावास २५ लाख लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून सु. ३४२ किमी. अंतरावरून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. पन्नास वाघिणींच्या एका गाडीतून येणारे पाणी सु. २५ लाख लिटर, म्हणजे असा एक तलाव भरेल इतकेच होते. अशा वर्षी तलाव भरून ठेवणे योग्य ठरत नाही आणि सराव खंडित होतो. वापरलेले पाणी गाळून व निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा असल्यास तलावाची गरज मुख्यतः बाष्पीभवन, गळती व गाळणीची धुलाई यांतील घट भरून काढण्यापुरती उरते. त्यामुळे अवर्षणग्रस्त प्रदेशात तलावाच्या आकारापेक्षा या यंत्रणेची देखभाल महत्त्वाची ठरते.

हेल्सिंकीनंतर या शर्यतीची गती खूपच वाढली. रशियाच्या एव्हगेनिया चिकुनोव्हाने २०२३ मध्ये २०० मी. अंतर २ मि. १७.५५ से. मध्ये पार करून जागतिक उच्चांक नोंदविला. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या केट डग्लसने २ मि. १९.२४ से. या वेळेत सुवर्णपदक मिळविले. नियमांतील दुरुस्त्या, पाण्याखालील पहिल्या झेपेचे शास्त्र, लाटा शोषून घेणारे मार्गदोर आणि लहान वयापासून चालणारा बारमाही सराव ही या प्रगतीची प्रमुख कारणे होत.