फायबरचे पदर का सुटतात?

नांदेड-लातूरकडे ‘कॅम्पर’ म्हटलं की पुढे माणसं आणि मागच्या हौद्यात माल नेणारी बोलेरो डोळ्यांसमोर येते. त्या हौद्यावर काही जण फायबरचं टप बसवून घेतात. काही पावसाळे गेले की टिचकी मारल्यावर ते जागोजागी ‘बद्द’ वाजू लागतं. पोळीचे पदर सुटावेत तसे आतले थर सुटलेले असतात, आणि मग सल्ले सुरू होतात.

‘फायबर कुठं सडतं?’ हा पहिला. काचेचा धागा सडत नाही, खरंच. पण टप म्हणजे काचेची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. बनवताना मॅट नीट भिजली नाही, हवा अडकली किंवा कॅरिअरच्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं, की ही पकड सुटते. मध्ये प्लायवूड असेल तर ते मात्र खरोखर कुजतं.

‘वरून पुट्टी मारा, रंग द्या.’ पुट्टीने खड्डा झाकला जातो, थर जोडला जात नाही. नाण्याने ठोकत पोकळ भागाची हद्द आखून घ्या. भाग लहान, आतून कोरडा आणि स्वच्छ असेल तर भोकं पाडून इपॉक्सी भरून दाबता येते. मोठा किंवा ओला असेल तर सुटलेला थर ग्राइंडरने काढून टाकणं, पूर्ण वाळवणं आणि नवी मॅट चढवणं याला पर्याय नाही. कड उतरती घासायची, जाडीच्या साधारण बारापट: 3 मिलिमीटरच्या टपाला 36 मिलिमीटर. कारागीर इथेच कंटाळतो, आणि जोड इथेच सुटतो. घासताना मास्क हवाच.

‘हार्डनर जास्त, तर काम पक्कं’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. पॉलिस्टर रेझिनला तो साधारण 1 ते 2 टक्के लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की रेझिन आधीच झपाट्याने घट्ट होतं. त्यात हार्डनर वाढवला तर ते तापतं, तडकतं. काम सकाळी, सावलीत करा. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून कोबाल्ट वेगळं घालायचं असेल तर आधी ते रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

‘कुठलंही रेझिन चालतं’ हेही खरं नाही. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी छान धरते. इपॉक्सीवर पॉलिस्टर तितकं भरवशाने धरत नाही.

आणि आपल्याकडे प्लॅस्टिकच्या टाकीलाही ‘फायबर’ म्हणतात! तुटलेल्या कडेला काचेचे धागे दिसले नाहीत, तर रेझिन विकत आणूच नका. अशी टाकी बहुधा पॉलिथिनची असते, आणि पॉलिथिनवर रेझिन धरत नाही.

दुरुस्तीनंतर पाणी शिरलेलं स्क्रूचं भोक सीलंटने बंद करा. ते राहिलं, तर पुढच्या मृगात टप पुन्हा ‘बद्द’ वाजेल.