कालनोंदीची सूक्ष्मता आणि संगणकीय सूची

मोडी कागदपत्रांची सूची संगणकावर चढविणाऱ्या अभ्यासकाने 'तारीख' या साध्या दिसणाऱ्या रकान्याकडे सावधपणे पाहावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

डेटाबेसमधील तक्त्यांवरून प्रोग्रॅमची संहिता आपोआप सिद्ध करणारी साधने आता सर्रास वापरली जातात. असे साधन आधी प्रत्येक रकान्याची जात टिपून घेते: हा मजकूर, हा आकडा, ही वेळ. मूळ रकाना सेकंदाचे ६ दशांश जपणारा असला, तरी टिपणात नुसते 'वेळ' एवढेच उतरले की ते दशांश तेथेच गळतात. त्या संहितेवरून मायएसक्यूएलमध्ये नवा तक्ता उभारल्यास दशांशांची संख्या शून्य धरली जाते आणि आलेली वेळ जवळच्या पूर्ण सेकंदावर नेली जाते. रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९.७ सेकंदांची नोंद अशा रीतीने दुसऱ्या दिवसाची होऊन बसते. तक्रार मात्र कोठेही उमटत नाही. एकाच सेकंदात दोघांनी एका पत्राचा पाठ दुरुस्त केला असेल, तर अखेरचा पाठ कोणता, हे वेळेवरून ठरविता येत नाही. पाठचिकित्सकाला ही हानी क्षुल्लक वाटू नये.

आशयाच्या बाजूने प्रश्न अधिक बिकट आहे. जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी, घटी-पळांसह आहे. ती १९ फेब्रुवारी १६३० म्हणून भरली की तिथी व घटी-पळे दोन्ही लोपतात. शिवाय मायएसक्यूएल तो वार मंगळवार दाखवते! १९ फेब्रुवारी ही ज्यूलियन तारीख होय. यंत्र मात्र ग्रेगोरियन गणनाच मागे ताणते, आणि त्या गणनेने तो शुक्रवार १ मार्चला येतो.

त्यातच आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यंत्राचा मध्यरात्री. जबलपूर व पुणे यांच्या रेखांशांत सुमारे ६ अंशांचे अंतर आहे. तेवढ्याने सुमारे २४ मिनिटांचा, म्हणजे नेमका एका घटिकेचा फरक पडतो. १८१७ पूर्वी, भोसल्यांच्या अमलात, जबलपुरी 'पाच घटका दिवस' आला तो क्षण पुण्याचा नव्हे.

म्हणून मूळ कालनिर्देश जसाच्या तसा मजकुराच्या रकान्यात ठेवावा. गणनापद्धती व स्थळ यांना वेगळे रकाने द्यावेत. दशांशांची संख्या हाताने लिहावी आणि संहिता तयार झाल्यावर मध्यरात्रीलगतची एक नोंद घालून ती परत वाचून पाहावी.