स्कॉटिश संचलनधुनेची सॅक्सोफोन-चतुष्टयासाठी पुनर्रचना

प्रस्तावना : 'ग्रीन हिल्स ऑफ टिरोल' ही स्कॉटिश सैनिकी बॅगपाइप-परंपरेतील तीन मात्रांची संचलनधून होय. तिचे मूळ मात्र पॅरिस येथे १८२९ मध्ये प्रथम सादर झालेल्या रोसिनी यांच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेत आहे. क्रिमियन युद्धाच्या काळात पाइप मेजर जॉन मॅक्लाउड यांनी ती बॅगपाइपवर उतरविली, असे परंपरा सांगते. अर्थात वाद्यांतर या परंपरेला परके नाही. तथापि वाद्य बदलताना काय राखावे व काय सोडावे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उपस्थित होतो. सोप्रानो, आल्टो, टेनर व बॅरिटोन या चार सॅक्सोफोनांच्या संदर्भात त्याचे विवेचन पुढीलप्रमाणे करता येईल.

स्वरक्षेत्र : बॅगपाइपच्या सुरावटीच्या नळीतून, म्हणजे चँटरमधून, मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत नऊच स्वर निघतात. ही स्वरव्यवस्था आपल्या खमाज थाटाशी जुळते. म्हणून पंचमावरील कॉर्डमध्ये शुद्ध निषाद योजल्यास धुनेचा बाज बिघडतो. तो स्वर वगळणे इष्ट. बॅगपाइपचा षड्ज आज बी फ्लॅटच्या किंचित वर असतो. तोच बी फ्लॅट ठेवल्यास सोप्रानोवर षड्ज व ऋषभ यांच्यामध्येच बोटांची संपूर्ण मांडणी बदलते आणि द्रुत स्वरसमूह अडखळतात. षड्ज एक स्वर चढवून सी केल्यास ही अडचण मंद्र निषादापुरतीच उरते.

आधारस्वर : बॅगपाइपचे दोन टेनर व एक बेस ड्रोन षड्ज अखंड धरतात. सनईवादनात सूर धरणाऱ्या साथीदाराचे कार्य असेच असते. सॅक्सोफोनवादकास मात्र श्वास घ्यावा लागतो. यास्तव आधारस्वर टेनर व बॅरिटोन यांत विभागून दोघांच्या श्वासाच्या जागा भिन्न ठेवाव्यात.

कणस्वर : चँटरचा नाद मध्ये थांबविता येत नाही, त्यामुळे सलग आलेले समान स्वर कणस्वरांनीच वेगळे करावे लागतात. सॅक्सोफोनवर हे कार्य जिभेच्या आघाताने साधते. म्हणून केवळ विभाजनासाठी आलेले कणस्वर गाळावेत. आघात ठळक करणारे मात्र अवश्य राखावेत.

निष्कर्ष : जे कण केवळ वाद्याच्या मर्यादेतून आले, ते सोडता येतात. कोमल निषाद व अखंड षड्ज हेही वाद्यातूनच आले; परंतु ते धुनेची ओळख बनले आहेत. हा विवेक सुटल्यास स्वर तेच राहूनही धून स्कॉटिश राहत नाही.