गंधारावरची उडी

पेटी पुढ्यात घ्या. काळी दोनला षड्ज धरा. आता खालच्या पंचमावरून, मधले सगळे स्वर ओलांडून, थेट गंधार लावा. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरात राजपुत्र टामिनोच्या हाती एका अनोळखी मुलीचं चित्र पडतं आणि त्याचं गाणं सुरू होतं ते याच उडीने. कागदावर सोपी. पण टेनरचं, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाचं, पितळ इथेच उघडं पडतं. जोर लावला तर राजपुत्र दचकलेला वाटतो, फार जपून गायलं तर त्याला मुलगी आवडलीच नाही असं वाटतं. फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन टेनरने १९६४ साली कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात ही उडी ऐकूच येत नाही. गंधार आधीपासून तिथे होता आणि आवाज नुसता त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला, असं वाटतं.

असं गाणं ऐकलं की ‘दैवी देणगी’ हा शब्द आपसूक तोंडात येतो. वुंडरलिशच्या बाबतीत तो साठ वर्षं वापरला जातोय, आणि मला तो अर्धवट वाटतो.

का, ते कळायला आधी टेनरचं काम समजून घ्यायला हवं. आपल्याकडे गवई स्वतःची पट्टी ठरवतो. ऑपेरात ती मुभा जवळजवळ नाही. संगीतकाराने लिहिलं त्याच सुरात गायचं. टेनरला मधल्या पांढरी एकपासून एक सप्तक खाली आणि एक सप्तक वर असा पल्ला लागतो. पुढे वाद्यवृंदाचा ताफा, आणि माइक नाही. जर्मन ऑपेरागृहं गायकाला नाटक कंपनीसारखी पगारावर ठेवतात आणि करार करताना त्याचा ‘फाख’ ठरवतात. फाख म्हणजे आवाजाची जात. वुंडरलिशची जात ‘लिरिक टेनर’. प्रेमिक, राजपुत्र, भाबडे तरुण यांच्या भूमिका त्याच्या वाट्याच्या.

जन्म २६ सप्टेंबर १९३०, पश्चिम जर्मनीतल्या कुझेल या लहानशा गावात. वडील संगीत संचालक, आई व्हायोलिन वाजवणारी. पोरगा पाच वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. पहिल्या महायुद्धातली जखम, गेलेली नोकरी आणि नाझींचा जाच या सगळ्याखाली ते पिचले होते. आईने शिकवण्या करून दोन मुलांना वाढवलं. फ्रिट्झ अकॉर्डियन वाजवू लागला, हॉर्न शिकला, आणि फ्रायबुर्गच्या संगीत विद्यालयात गेल्यावर नाचगाण्याच्या बँडमध्ये रात्री वाजवून शिक्षणाचा खर्च भागवू लागला. गाण्याच्या गुरू मार्गारेटे फॉन विंटरफेल्ट अंध होत्या. शिष्याचा चेहरा, खांदे, उभं राहणं त्यांना दिसत नव्हतं. हाती फक्त आवाज. हॉर्नने पोटातला श्वास कमावला, बँडने सहजता दिली आणि या बाईंनी कान दिला. देणगी म्हणायचीच तर तिचे एवढे वाटेकरी आहेत.

१९५५ मध्ये श्टुटगार्टच्या ऑपेराने त्याला घेतलं ते किरकोळ भूमिकांसाठी. पुढच्या वर्षी ज्येष्ठ टेनर योझेफ ट्राक्सेल आजारी पडले आणि टामिनोची भूमिका या पोरसवदा गायकाकडे आली. ट्राक्सेल मुद्दामच आजारी पडले, असं सांगतात. खरं असेल तर मोठ्या मनाचा माणूस! त्यानंतर वाट सरळ झाली. १९५८ मध्ये फ्रँकफर्ट, १९५९ मध्ये झाल्सबुर्ग महोत्सव, १९६० पासून म्युनिक, १९६२ मध्ये व्हिएन्ना. त्या काळी जर्मन ऑपेरागृहांत व्हर्दी-पुचिनीही सर्रास जर्मनमध्ये गायले जात, त्यामुळे त्याची पुष्कळ इटालियन गाणी आज जर्मन शब्दांत ऐकू येतात. कानाला खटकतं, पण दोन मिनिटांत विसरायला होतं.

खरी गोष्ट मैफलीची. ऑपेरात वेश असतो, प्रकाश असतो, समोर नायिका असते. गीतांच्या मैफलीत पियानोला रेलून उभा असलेला एक माणूस आणि अडीच-तीन मिनिटांचं एक गाणं, बस्स. वुंडरलिश तिथे आधी चाचपडला. आवाज सुंदर होता, पण सगळी गाणी सारखीच सुंदर लागत, आणि समीक्षक त्यावर खूश नव्हते. तिशी ओलांडलेला, नावाजलेला हा गायक मग हुबर्ट गीझन या वयोवृद्ध पियानोवादकापुढे विद्यार्थ्यासारखा बसला. शुबर्ट, शुमान, बीथोव्हेन, शब्दाशब्दाने नव्याने. हाइनेच्या कवितांवर शुमानने बांधलेली ‘डिश्टरलीबं’ ही सोळा गाण्यांची माळ दोघांनी स्टुडिओत मुद्रित केली. माझ्या मते तीही थोडी जास्तच गोड आहे. हाइनेचा कडवटपणा तिच्यात पुरता उतरत नाही. ४ सप्टेंबर १९६६ ला एडिंबरामध्ये दोघांनी हीच माळ सादर केली, त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिथे आवाजाला धार आली आहे. शब्द आधी येतो, सूर त्याच्या मागून.

माहलरच्या ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’ या गीतमालेचं संचालक क्लेम्पेरर यांच्याबरोबरचं ध्वनिमुद्रणही याच काळातलं. पहिलं गाणं हॉर्नच्या गर्जनेने सुरू होतं आणि टेनरला अख्ख्या वाद्यवृंदाच्या लाटेवर चढून गावं लागतं. लिरिक टेनरने शक्यतो या वाटेला जाऊ नये. हा गेला आणि ओरडला नाही. हॉर्नवाल्याला हॉर्नच्या सुरात कुठे फट असते ते ठाऊक असावं.

एडिंबराची मैफल शेवटची ठरली. काही दिवसांनी माउलब्रोनजवळच्या ओबरडर्डिंगन इथे, एका मित्राच्या शिकारबंगल्यात, तो दगडी जिन्यावरून पडला. १७ सप्टेंबर १९६६ ला हायडेलबर्गच्या इस्पितळात गेला. छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गायचं ठरलं होतं. व्यावसायिक कारकीर्द अवघी अकरा वर्षांची, आणि गीझनकडचं शिक्षण त्यातल्या शेवटच्या थोड्या वर्षांतलं. जाताना तो अजून शिकतच होता.

त्या वेळी संचालक कारायान यांच्याबरोबर हायडनच्या ‘क्रिएशन’चं ध्वनिमुद्रण चालू होतं. वुंडरलिशची मोठी गाणी झाली होती. मधले पठणासारखे गायचे काही भाग राहिले होते, ते पुढे वेर्नर क्रेन या तरुण टेनरने गायले. त्या रेकॉर्डवर टेनर म्हणून दोघांची नावं छापलेली आहेत.