बूट, धाव आणि पायाचे हाड

श्रोतेहो, पहाटे पाचच्या सुमारास नांदूरघाटच्या बाजूला रस्त्याकडेला उभे राहिलात, तर अंधारातून पावलांचा धपधप आवाज येतो. सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी धावणारी ही पोरं. या कोरडवाहू मुलखात एक भरती म्हणजे साऱ्या घराचा आधार. त्यांतले काही जण बाजारातून जाडजूड लष्करी बूट आणून तेच घालून पळतात. "आत्ता जड पाय उचलले की मैदानावर पाय हलके पडतील," असं त्यांचं गणित. असाच एक विद्यार्थी मध्यंतरी लंगडत वर्गात आला. पाय मुरगळला नव्हता, ठेचही लागली नव्हती. मग झाले काय?

हे कोडे जुनेच आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने, लांब कूच करून पाय सुजलेल्या शिपायांचे वर्णन लिहून ठेवले. कारण मात्र उलगडले नाही. 1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले आणि 1897 मध्ये त्या सुजेखाली चवड्याच्या लांब हाडाला गेलेला तडा दिसून आला.

न पडता हाड मोडते कसे? हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्याच्यावर ताण वाढला की शरीर त्याची डागडुजी काढते. गवंडी आधी खिळखिळे दगड काढतो, मग नवे बसवतो, तसेच इथेही घडते. जुना भाग आधी झिजवला जातो आणि नवा भरायला काही आठवडे लागतात. मधल्या दिवसांत हाड उलट कच्चे असते. नेमक्या त्याच वेळी पोरगा हुरूप येऊन धाव दुप्पट करतो.

बूट यात भर घालतो. त्याचा तळ चवड्याशी नीट वाकत नाही आणि उंच गळा घोट्याला जखडतो. शिवाय बुटाचे वजन शंभर ग्रॅमने वाढले, की धावण्याचे श्रम सुमारे एक टक्क्याने वाढतात. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. पोटरीचे स्नायू थकले, की तो दणका सरळ हाडावर बसतो. काट्याकुट्यांतून, ओझे घेऊन चालायला बूट उत्तम. पण भरतीची तयारी त्यात कशाला?

आता दुखणे ओळखायचे कसे? नडगीच्या आतल्या कडेने वीतभर जागा ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणे कमी होत असेल, तर ते बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचे दुखणे. विश्रांतीने ते सहसा बरे होते. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, धावताना दुखणे वाढत जाते आणि रात्रीही ठणका लागतो, तेव्हा तड्याची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरणांच्या फोटोत तडा दिसेलच असे नाही. म्हणून "फोटो चांगला आहे" एवढ्यावर पुन्हा पळू नये. जांघेत दुखू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा पुरता मोडला, तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसते. अशा जागी जोराने चोळून घेणे तर घातकच.

उपाय साधे आहेत. डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या वाटेने, हलक्या बुटांत धावावे. अंतर थोडे थोडे वाढवावे. आठवड्यातून एक दिवस तरी पायांना सुट्टी द्यावी. पोटभर जेवावे, दूध, तीळ, डाळी ताटात असाव्यात. भरती झाल्यावर नवे बूट मिळतील, ते आधी चालून पायाला बसवावेत.

त्या विद्यार्थ्याला मी डॉक्टरकडे पाठवले. त्याला सहा आठवडे धावणे बंद करायला सांगितले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "सर, भरती जाईल की हो!" मी म्हटलं, "बाबा, ही गेली तर पुढची येईल. हाड पुरतं मोडलं तर तीही जाईल." पालकांनो, तुमचा पोरगा दुखणे लपवून पळत असेल, तर आज रात्री एवढेच करा — त्याच्या नडगीवर आणि चवड्यावर बोट दाबून पाहा.